डॅशकॅमची फिटिंग बाहेरून चकाचक अन् आत नुसती काळी टेप, पैसे द्यायच्या आधी एवढं पाहाच

आमच्या वणी-मारेगाव पट्ट्यात गाडी चालवणाऱ्याला डॅशकॅम (पुढच्या काचेला लावायचा, रस्ता रेकॉर्ड करणारा कॅमेरा) कशाला पाहिजे हे वेगळं सांगायला नको. कोळशाचे ट्रक, त्यांच्या चाकाखालून उडणारे गोटे, रात्री मधातच आडवं येणारं रोही (नीलगाय) नाहीतर डुक्कर, अन् कोणी ठोकलं तर दोष कायम लहान गाडीवाल्याचा. म्हणून कॅमेरा ऑनलाइन मागवला आणि फिटिंग तालुक्याच्या मार्केटमधल्या एका ॲक्सेसरीजच्या दुकानात करून घेतली. कॅमेऱ्याबद्दल काही म्हणणं नाही, तो अजूनही मस्त चालतो. गेम झाला तो फिटिंगमध्ये.

मला पार्किंग मोड पाहिजे होता, म्हणजे गाडी बंद असली तरी कोणी घासून गेलं तर रेकॉर्ड व्हावं. दुकानदार म्हणे, "भाऊ, त्याले हार्डवायर किट लागते, फ्यूज टॅप लागते, बॅटरी डाऊन झाली का आपोआप कटऑफ, सगळं ओरिजिनल टाकून देतो, अठराशे द्या." बरोबरच बोलत होता तो, शब्द सगळे बरोबर होते (हार्डवायर किट म्हणजे गाडीच्या फ्यूज बॉक्समधून कॅमेऱ्याला थेट करंट देणारी वायरिंग, अन् फ्यूज टॅप म्हणजे त्या बॉक्समध्ये फ्यूजच्या जागी बसवून जास्तीची वायर काढायचा तुकडा). मग "तुम्ही चहा घेऊन या, दोन घंटे लागते" म्हणून मला काढून दिलं. आलो तर वायर कुठं दिसत नाही, रूफच्या कापडात दाबलेली, खांबाच्या आतून नेलेली, एकदम कंपनी फिटिंग वाटावी अशी. किटचा रिकामा डबासुद्धा हातात दिला पठ्ठ्यानं. बिलाऐवजी चिठ्ठी, तिच्यावर "कॅमेरा फिटिंग 1800", आणि पेमेंटचा स्कॅनर त्याच्या भाच्याच्या नावाचा.

सोयाबीनच्या सोंगणीत गाडी काही दिवस अंगणात उभीच होती. चावी फिरवली तर नुसती टिकटिक. पोरांनी धक्का मारून चालू केली, तशीच दुकानात नेली. त्यानं मीटर लावल्यासारखं केलं अन् म्हणे, "बॅटरी गेली नं भाऊ, कॅमेऱ्याचा काय संबंध?" नवीन बॅटरी 4200 ला टाकली, जुनी स्वतःकडे ठेवून घेतली (ती चार्ज करून आतापर्यंत कोणाच्या तरी गाडीत बसली असेल, पैज लावतो). पुढं पाहुणपणाला बसनं गेलो, आलो तर नवी बॅटरीसुद्धा झोपलेली. महिन्याभराची बॅटरी कशी जाईल?

माझा मामेभाऊ नागपूरला गॅरेजमध्ये ऑटो इलेक्ट्रिशियन आहे, तो दिवाळीला आला होता. त्यानं आधी मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू करायला लावलं आणि मग स्टिअरिंगखालचं पॅनल खोललं. फ्यूज बॉक्समध्ये टॅप-बिप काहीच नाही. इग्निशनच्या मागं बॅटरीची जी जाड वायर येते तिचं कव्हर ब्लेडनं सोललेलं, तिच्यावर बारीक तार गुंडाळलेली आणि वरून काळी टेप, तीही गोंद सुटून चिकट झालेली. किट म्हणून काय होतं तर सिगारेट लायटरमध्ये घालायचा साधा चार्जर, प्लास्टिक फोडून आतली प्लेट काढलेली, तिच्या टोकाची स्प्रिंगसुद्धा तशीच, अन् ते सगळं फोमच्या तुकड्यात गुंडाळून कोंबलेलं. "दादा, हे पाहा, इथं फ्यूजच नाही," तो म्हणाला अन् पहिले बॅटरीचं टर्मिनल काढलं.

आता यात नुकसान काय ते सांगतो, कारण दुकानदार म्हणेल की एवढासा कॅमेरा किती करंट खाणार. कॅमेरा 12 व्होल्टवर साधारण 0.3 अँपिअर धरला तरी दिवसरात्र मिळून 7 अँपिअर-अवर होतात, लहान गाडीची बॅटरी 35 च्या आसपास, मग कटऑफ नसला तर तीन-चार दिवसांत स्टार्टर फिरवायला जीव उरत नाही, आणि असं वारंवार झालं की चांगली बॅटरीसुद्धा कायमची खराब होते. खऱ्या किटमध्ये 12 व्होल्टच्या आसपास व्होल्टेज उतरलं की कॅमेरा बंद होतो. दुसरं म्हणजे आग. त्या जाड वायरीमागचा फ्यूज मोठ्या अँपिअरचा असतो, बारीक तार बॉडीला लागून शॉर्ट झाली तर फ्यूज उडायच्या आधी तारच लाल होऊन जळते. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 ला जातो, बंद गाडीत तर विचारूच नका, तिथं टेपचा गोंद किती टिकणार.

खरं किट ओळखायला सोपं आहे. तीन वायरी असतात, बहुतेक वेळा पिवळी कायम करंटची, लाल चावी फिरवल्यावर करंट येणारी, काळी अर्थिंगची, आणि ती काळी बॉडीच्या लोखंडाला बोल्टखाली घट्ट पाहिजे, रंगावर नुसती टेकवलेली नको. फ्यूज टॅपमध्ये दोन फ्यूज बसतात, एक गाडीचा जुना, एक कॅमेऱ्याचा लहान. टॅप उलटा बसला तरी कॅमेरा चालतो पण मग दोघांचा लोड जुन्या फ्यूजवर जातो, म्हणून फ्यूजच्या खाचेत करंट कोणत्या बाजूला येतो ते टेस्टरनं पाहूनच बसवतात. एअरबॅग, एबीएस, ईसीएम लिहिलेल्या फ्यूजला हात लावू द्यायचा नाही. आणि पैसे द्यायच्या आधी पिवळ्या अन् लाल दोन्ही वायरींच्या टॅपमधले ते लहान फ्यूज दुकानदारालाच काढायला सांगा, चावी बंद असताना आणि चालू असताना दोन्ही वेळा. कॅमेरा तरीही चालूच राहिला तर करंट दुसरीकडून घेतला आहे, विषयच संपला. मल्टीमीटरवाला ओळखीचा असेल तर गाडी लॉक करून थोड्या वेळानं ड्रेन (बंद गाडीत बॅटरीतून जाणारा करंट) मोजून घ्या, कॅमेरा बंद ठेवून 50 मिलीअँपिअरच्या आत असला तर गाडी ठीक आहे.

व्हिडिओ घेऊन दुकानात गेलो तर पहिलं वाक्य, "दुसऱ्यानं हात लावला, आता आपली जबाबदारी नाही." हे सगळेच म्हणतात, म्हणून पॅनल खोलायच्या आधीपासून रेकॉर्डिंग पाहिजे. व्हिडिओत स्प्रिंग दिसली तेव्हा आवाज खाली आला, "पोरानं लावलं असन, मले माहीत नाही." फिटिंगचे 1800 परत आले, त्याच भाच्याच्या नंबरवरून. बॅटरीचे पैसे मात्र द्यायला तयार नाही. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार टाकली आहे, तिथून नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही. अडचण एकच, चिठ्ठीवर ना दुकानाचं नाव ना किटचा उल्लेख, त्यामुळं भाच्याच्या नावचं पेमेंट अन् तो व्हिडिओ यावरच सगळी केस उभी आहे. तुमच्या बिलावर "हार्डवायर किट, फ्यूज टॅपसह" असं लिहून घ्या, लिहायला नाही म्हणाला तर गाडी काढून सरळ पुढच्या दुकानात.