टू व्हील ट्रॅक्टर विकून फोर बाय फोर ट्रॅक्टर घेतला, उसाच्या एका हंगामानंतरचा अनुभव

दिवाळीच्या तोंडावर घेतला, आता मीटर सातशे तासांच्या पुढं गेलाय म्हणून लिहितोय. आमचं गाव निपाणी भागातलं, वेदगंगेच्या काठाला, रान सगळं काळं. आधी घरात टू व्हील ट्रॅक्टर होता, म्हणजे इंजिनची ओढ फक्त मागच्या दोन चाकांना, फोर व्हीलला ती चारी चाकांना. तोही पन्नासच्या आसपास एचपीचा, म्हणजे ताकद कमी होती म्हणून विकला असं नाही. रस्त्यावर डबल ट्रॉली तो पण निवांत ओढायचा. अडायचं ते फडातून पाणंदीला येईपर्यंतच्या दीडशे-दोनशे फुटांत. परतीचा पाऊस झाला आणि तोड आली की संपलं, मागची चाकं जागेवर फिरून खड्डा करणार, पुढचं तोंड हलकं होणार, स्टेअरिंग फिरवलं तरी गाडी सरळच. मग शेजारच्याला फोन लावा, टोचन करा, म्हणजे त्याच्या ट्रॅक्टरनं ओढून काढा, ऊसतोड टोळीचा मुकादम बांधावर बसून तंबाखू मळतोय आणि इकडं कारखान्याचा नंबर चाललाय. परवाच्या हंगामात टोचनाचे पैसे लिहून ठेवले होते, ते बघून घरचे गप्प झाले आणि फोर व्हीलचे जादा दीड लाख मंजूर झाले.

घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात तो पण रुतला. सगळे हसले. झालं असं, की ट्रॉली भरली की तिचा भार हुकावर येतो, मागं दाबतो आणि पुढचं उचलतो, आणि पुढच्या चाकावर वजनच नसेल तर त्याला ड्राइव्ह देऊन ते करणार काय, हवेत माती उडवणार. दुसऱ्या दिवशी पुढं वेट, म्हणजे लोखंडी वजनं लावली, हुक खालच्या भोकात घेतला, मागच्या टायरात पाणी भरलं. त्याच फडात, त्याच चिखलात, लो गिअरला फोर व्हीलचा लिव्हर टाकून क्लच हळू सोडला, पुढच्या टायरच्या खाचांनी माती धरली आणि ट्रॉली कुरकुरत बाहेर आली. मुकादम म्हणाला, "आता कसं निघालं रं!" पूर्ण हंगामात त्यानंतर टोचन दोनदाच, ते पण एकदा माझीच चूक, भरलेली ट्रॉली रात्रभर ओल्या रानात उभी ठेवली होती.

आता तक्रार. आमच्या ड्रायव्हरनं जानेवारीत आठ-दहा दिवस डांबरावर लिव्हर टाकूनच खेपा मारल्या, म्हणे "मामा, लोड हाय, ओढाय बरं वाटतंय." पुढचे टायर बघितले तर खाचा एका बाजूनं रंधा मारल्यासारख्या. कारण साधं आहे, फोर व्हील टाकलं की पुढची चाकं मागच्यापेक्षा एक ते पाच टक्के जादा पळतात, मुद्दामच तशी केलेली असतात, म्हणजे रानात पुढून ओढ मिळते. मातीत तो फरक घसरून निघून जातो, डांबरावर कुठं जाणार? टायर घासतो, एक्सलच्या गिअरला ताण बसतो, डिझेल जातं ते वेगळंच. म्हणून टायर बदलताना पण मनाला येईल ते माप घालू नका, पुढच्या-मागच्याचा हिशोब बिघडतो.

डांबरावर लिव्हर टाकायची वेळ म्हणजे मोठा उतार. मे महिन्यात तवंदी घाट उतरून खडी आणली तेव्हा टाकली होती. ट्रॅक्टरला ब्रेक मागच्याच चाकांना असतात, फोर व्हीलमध्ये पुढची चाकं पण त्याला जोडली जातात आणि इंजिन चारी चाकं धरून ठेवतं. तरी गिअर खालचाच पाहिजे आणि डाव्या-उजव्या चाकाचे दोन्ही ब्रेक पेडल एकमेकांना लॉक केलेले पाहिजेत, घाटात न्यूट्रल सोडून डिझेल वाचवणारे महाभाग आमच्याकडं पण आहेत, त्यांना हात जोडून नमस्कार.

वळायला जागा जादा लागते हे खरं. बांधाच्या कडेला टू व्हील एका ब्रेकवर गरकन फिरायचा, हा दोनदा मागं-पुढं करतो, कोपऱ्यातला ऊस चार-पाच फूट दबतो, वडील अजून त्यावरून बोलतात. पुढच्या एक्सलचं ऑइल, हबचं सील, हे पण नवीन काम मागं लागलं.

खानापूरकडचे पाहुणे परवा विचारत होते घेऊ का म्हणून. त्यांचं रान लाल मातीचं, मुरमाड, वर रस्त्याला लागून. मी म्हटलं तुम्ही टू व्हीलच घ्या, उरलेल्या पैशात चांगली ट्रॉली बघा आणि पुढं वेट लावा. आम्हाला मात्र नदीकाठाला आता परत टू व्हील नको. पुढचे टायर हंगामाच्या आधी बदलायचेत, आणि ड्रायव्हरसाठी लिव्हरच्या वर पेंटनं लिहिलंय, "डांबर आलं, काढ."