कॅसिओ ९९१ईएस प्लस: फॅक्ट कळ आणि तिचा कंस

घरात कुणी इंजिनिअरिंगला गेलेलं असेल तर हा कॅल्क्युलेटर बहुधा कपाटात सापडेल. गणित ऑलिम्पियाडची तयारी करणाऱ्या मुलांनी तो जरूर मागून घ्यावा. परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, पण घरी उत्तर पडताळायला यातली मूळ अवयव पाडणारी फॅक्ट कळ फार कामाची आहे.

नवा घ्यायचा तर मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटवर स्टेशनरीची घाऊक दुकानं आहेत. नुसतं ‘९९१ द्या’ म्हणू नका. जुन्या ९९१एमएस मॉडेलमध्ये ही सोय नव्हती. अंश-मिनिट-सेकंदाच्या कळीवर फॅक्ट छापलंय का, ते बघूनच पैसे द्या.

संख्या टाका, बरोबरचं चिन्ह दाबा, मग शिफ्ट आणि फॅक्ट. संख्या धन आणि पूर्ण हवी, फार तर दहा अंकी. ९८७६५४३२१० टाकली की २×३²×५×१७²×३७९७२१ असं उत्तर येतं.

गोची कंसात आहे. यंत्र फक्त तीन अंकांपर्यंतच्या मूळ संख्यांनी, म्हणजे ९९७ पर्यंत, भाग लावून बघतं. पुढची मूळ संख्या १००९, तिचा वर्ग १०१८०८१. उरलेला आकडा याहून लहान असेल तर तो मूळच असणार, म्हणून वरचा ३७९७२१ उघडा दिसतो. तेवढा किंवा त्याहून मोठा उरला की तो कंसात जातो. कंस म्हणजे ‘मूळ’ नव्हे आणि ‘मूळ नाही’ असंही नव्हे. पुढची तपासणी झालेलीच नाही, एवढाच त्याचा अर्थ. मुलं फसतात ती इथेच.

१२३४५६७८९० घ्या. उत्तर २×३²×५×(१३७१७४२१). कंसातल्या आकड्याचं वर्गमूळ ३७०३.७च्या आसपास. ३७०४च्या वर्गातून तो वजा केला तर २१९५ उरतात. हा पूर्ण वर्ग नाही. ३७०५च्या वर्गातून वजा केला तर ९६०४, म्हणजे ९८चा वर्ग! दोन वर्गांची वजाबाकी म्हणजे (a−b)(a+b), मग अवयव ३७०५−९८ = ३६०७ आणि ३७०५+९८ = ३८०३. दोन पायऱ्यांत कंस फुटला. ही सतराव्या शतकातल्या फ्रेंच गणिती फर्माची युक्ती. दोन अवयव एकमेकांच्या जवळ असले तरच ती इतकी झटपट चालते.

आता २³²+१, म्हणजे ४२९४९६७२९७. फर्माला ही मूळ वाटली होती, गणिती ऑयलरने १७३२ मध्ये तिचे अवयव पाडले. यंत्र दाखवतं ६४१×(६७००४१७). वर्गमूळ २५८८च्या थोडं पुढे, म्हणजे १००९पासून तिथपर्यंतच्या दोनशेहून जास्त मूळ संख्या तपासायच्या. पण २³²+१ च्या कुठल्याही अवयवाला १२८ने भागलं की बाकी १ उरते (६४१ = १२८×५+१). या चाळणीतून दोनच मूळ संख्या शिल्लक राहतात, ११५३ आणि १४०९. भागून बघा: ५८११.२८… आणि ४७५५.४४…. एकानेही भाग गेला नाही, म्हणजे ६७००४१७ मूळ.