नवी कीवर्ड क्षमता: किकरचा साचा की फ्लॅशबॅकचा?

पत्त्यांच्या खेळासाठी वारंवार येणारी, ठरावीक नावाने ओळखली जाणारी नवी क्षमता (कीवर्ड) रचताना कोणता साचा घ्यावा, असा पेच पडला असेल तर ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळातील दोन क्षमता ताडून पाहाव्यात. २००० साली आलेला किकर जादा किंमत मोजल्यास परिणाम वाढवतो आणि क्रीचर (लढणाऱ्या प्राण्याचा पत्ता) असो वा मंत्र (एकदा परिणाम करून संपणारा पत्ता), दोहोंवर सहज बसतो. मात्र या व्यापकतेमुळेच त्याला स्वतःचा चेहरा उरत नाही, ही मला गंभीर उणीव वाटते. २००१ चा फ्लॅशबॅक वापरलेला मंत्र ग्रेव्हयार्डमधून, म्हणजे वापरलेल्या पत्त्यांच्या ढिगातून, आणखी एकदा खेळू देतो. एकच पत्ता दोन पत्त्यांचे काम करत असल्याने त्याचा परिणाम बेताचा ठेवावा लागतो, शिवाय खेळाडूंना दोन्ही ग्रेव्हयार्डवर सतत लक्ष ठेवावे लागते. नवख्यांसाठीच्या संचाला किकर सोयीचा आहे. वापरलेल्या पत्त्यांभोवती डावपेच गुंफायचे असतील, तर फ्लॅशबॅकच निवडावा.