सूर्यासाठी आधी काय घ्यावं: सौर फिल्म की हायड्रोजन-अल्फा दुर्बीण?

गोव्यात खगोलप्रेमींच्या गटात येणाऱ्या बहुतेकांकडे एखादी साधी दुर्बीण असतेच. तिच्याच पुढच्या तोंडावर सौर फिल्म (सूर्यप्रकाश गाळणारा पातळ पडदा) लावायची, की सूर्यासाठी वेगळी दुर्बीण घ्यायची?

५.० घनतेची फिल्म सूर्यप्रकाशाचा लाखावा भाग आत सोडते. सूर्यावरच्या डागाची काळी छाया, भोवतीची करडी उपछाया, कडेजवळच्या उजळ शिरा स्वच्छ दिसतात. ३.८ घनतेची फिल्म फक्त कॅमेऱ्यासाठी. तिच्यातून डोळ्याने बघायचं नाही. पुठ्ठ्याच्या टोपीत फिल्म सैलच ठेवा. सुरकुत्या चालतात, पण ताणली की प्रतिमा बिघडते. दर वेळी ती आधी दिव्यासमोर धरा. टाचणीएवढं भोक दिसलं तर सरळ टाकून द्या. टोपी नळीला चिकटपट्टीने पक्की करा, मिरामार किनाऱ्यावरचा वारा ती सहज उडवतो. नळीवरची लहान शोधक दुर्बीण काढून ठेवा. नेत्रिकेला (डोळा लावायच्या भिंगाला) लावायचे जुने सौर फिल्टर मुळीच नकोत: उष्णतेने ते तडकतात, आणि डोळा तिथेच असतो.

हायड्रोजन-अल्फा दुर्बीण हायड्रोजनच्या लाल प्रकाशाची, ६५६.२८ नॅनोमीटरभोवतीची जेमतेम ०.७ अँगस्ट्रॉमची (०.०७ नॅनोमीटर) पट्टी सोडते. त्यात कडेवरच्या सौरज्वाला (प्रॉमिनन्स) आणि बिंबावरचे काळे तंतू दिसतात. फिल्ममधून ते कधीच दिसणार नाहीत. पंचविसावं सौरचक्र (डागांच्या चढउताराचं सुमारे अकरा वर्षांचं चक्र) डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालं आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये नासाने सूर्य कमाल काळात असल्याचं जाहीर केलं. म्हणजे पुढे डाग ओसरत जातील, तर सौरज्वाला पडत्या काळातही अधूनमधून भेटतात. या दुर्बिणीच्या बाजूने सर्वांत वजनदार मुद्दा हाच.

पण खर्च तिथे संपत नाही. रंगीत कॅमेऱ्यात चारातला एकच पिक्सेल लाल प्रकाश टिपतो, म्हणून मोनोक्रोम कॅमेरा लागतो; त्यावर वर्तुळाकार पट्टे उमटले तर तो किंचित तिरका करणारा जोडही. सेन्सरवर पडणाऱ्या बिंबाचा व्यास म्हणजे दुर्बिणीचं नाभीय अंतर (फोकल लेंग्थ) भागिले १०९. ४०० मिमीला ३.७ मिमी, लहान सेन्सरवर मावतं. १००० मिमीला ९.२, तिथे डीएसएलआर हवा. फिल्म आणि डीएसएलआर असेल तर आयएसओ १००, १/१००० सेकंदापासून सुरुवात करा आणि फोकस डागाच्या काठावर साधा. हायड्रोजन-अल्फात हजार-दोन हजार चौकटींचा व्हिडिओ घेऊन ऑटोस्टॅकर्ट या सॉफ्टवेअरमध्ये उत्तम दहा टक्के एकत्र करा.

वेळ दोन्हींना एकच, सकाळी आठ ते दहा. पुढे सिमेंटची गच्ची तापते आणि बिंबाची कडा उकळत्या पाण्यासारखी थरथरते. हिरवळीवर हे बरंच कमी.

आमचं मत: आधी फिल्म. हायड्रोजन-अल्फा गटाच्या दुर्बिणीतून दोन-तीन रविवार बघा, मगच पैसे घाला. जूनपासून चवथीपर्यंत (गणेश चतुर्थी) आकाश जवळजवळ बंदच, आणि नेमक्या त्या महिन्यांत दमट हवा महागड्या आतल्या फिल्टरांवर डाग पाडते. फिल्म खराब झाली तर नवा ताव कापता येतो. तरीही हायड्रोजन-अल्फा घेतलीत, तर हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर परतून पुन्हा निळे करा.