रोबोटिक्सचा पहिला कोर्स: लॅब भक्कम, वीजपुरवठा कच्चा

सोलापुरातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला शिकवल्या जाणाऱ्या प्राथमिक रोबोटिक्स कोर्सचं हे परीक्षण. कोर्सची खरी ताकद लॅबमध्ये आहे. तिघांत एक किट, आणि कोड चढवण्याआधी मल्टिमीटर हातात घ्यावाच लागतो. मोजलेलं व्होल्टेज जर्नलमध्ये लिहिल्याशिवाय सही मिळत नाही, त्यामुळे दुसऱ्याचा कोड उतरवून प्रॅक्टिकल उरकता येत नाही. ही शिस्त फार मोलाची आहे.

सगळ्यात उत्तम प्रॅक्टिकल अल्ट्रासॉनिक सेन्सरचं. एचसी-एसआर04 या सेन्सरला 10 मायक्रोसेकंदांचा ट्रिगर (सुरुवातीचा इशारा) द्यायचा, इकोचा, म्हणजे ध्वनी आपटून परत यायचा वेळ मायक्रोसेकंदांत मोजायचा आणि 58 ने भागून सेंटिमीटर काढायचे. इथवर सगळीकडेच करून घेतात. इथे पुढे विचारतात की हा 58 आला कुठून? तो साधारण 20 अंश तापमानातल्या आवाजाच्या वेगावरून, म्हणजे सेकंदाला 343 मीटरवरून येतो. सोलापूरच्या मे महिन्यात 40 अंशांना वेग 355 च्या आसपास जातो आणि 100 सेंटिमीटरवरची भिंत 97 वर दिसते. मग भिंतीऐवजी समोर सोलापुरी टॉवेल धरायला लावतात. मऊ कापड ध्वनी शोषून घेतं, त्यामुळे इको क्षीण होतो आणि आकडे उड्या मारतात. सेन्सरवर डोळे झाकून विश्वास का ठेवायचा नाही, हे इथे पक्कं कळतं.

आता वीजपुरवठा. किटमध्ये 9 व्होल्टची चौकोनी बॅटरी दिली आहे आणि ही निवड चुकीची आहे. तिचा अंतर्गत रोध जास्त असतो. गाडीच्या दोन्ही बीओ मोटर (गिअरवाल्या छोट्या मोटर) एकदम सुटल्या की व्होल्टेज कोसळतं, उनो (आर्डुइनोचा कंट्रोलर बोर्ड) रीसेट होतो आणि मुलं तासभर कोडमध्ये चूक शोधत बसतात. त्यात मोटरना वीज देणारा एल298एन हा जुन्या बायपोलर ट्रान्झिस्टरचा ड्रायव्हर सुमारे 2 व्होल्ट स्वतःच खातो. त्यापेक्षा दोन 18650 लिथियम-आयन सेल सिरीजमध्ये लावावेत, संरक्षण सर्किटसह. पूर्ण चार्जला 8.4 व्होल्ट मिळतात. ड्रायव्हर बदलून मॉसफेटवाला, कमी व्होल्टेज खाणारा टीबी6612एफएनजी घेतला, तर पीडब्ल्यूएम (वीज झपाट्याने चालू-बंद करून वेग ठरवणारा सिग्नल) 255 पैकी 180 च्या वर नेऊ नये, नाहीतर 6 व्होल्टची मोटर तापते. सर्वोला (सांगितलेल्या कोनात वळणाऱ्या मोटरला) वेगळा 5 व्होल्टचा पुरवठा द्यावा, पण ग्राउंड सगळ्यांचं एकच हवं. ते जोडायचं राहिलं की सर्वो नुसता थरथरतो.

जोडणीच्या आकृतीतही एक खोट आहे. दोन्ही मोटरचा वेग ठरवणाऱ्या ड्रायव्हरच्या एनेबल पिना उनोच्या 9 आणि 10 वर दाखवल्या आहेत. सर्वो लायब्ररी (सर्वो चालवणारा तयार कोड) याच पिनांचा टायमर 1 वापरते, त्यामुळे ती कोडमध्ये जोडताच या दोन पिनांवरचं पीडब्ल्यूएम बंद होतं आणि वेगाचं नियंत्रण जातं. एनेबल 5 आणि 6 वर हलवलं की प्रश्न मिटतो.

लाइन फॉलोअर, म्हणजे पट्टीमागे चालणारी गाडी, ठीकठाक. फक्त ट्रॅक खिडकीपासून लांब अंथरावा, कारण उन्हातल्या इन्फ्रारेडमुळे सेन्सरला काळी पट्टी आणि पांढरा फ्लेक्स सारखेच वाटतात. रोबोटच्या दोन सांध्यांच्या हाताचं गणित फळ्यावरच राहतं. एसजी90 सर्वो किटमध्ये असूनही हात बांधून घेत नाहीत.

सगळ्यात मोठी उणीव एन्कोडरची, म्हणजे चाकाचं फिरणं मोजणाऱ्या सेन्सरची. दोन बीओ मोटर एकाच पीडब्ल्यूएमवर सारख्या फिरत नाहीत, म्हणून गाडी एका बाजूला ओढते. चाकं खरोखर किती फिरली हे कळल्याशिवाय फीडबॅक शिकवणं अर्धवट आहे. रॅपिअर मागावर (बिनधोट्याच्या यंत्रमागावर) आडवा धागा तुटला की सेन्सर माग थांबवतो; इथल्या मुलांना हेच तत्त्व उद्या एमआयडीसीत भेटणार आहे. उपाय स्वस्त आहे. दोन्ही बाजूंना शाफ्ट असलेली मोटर, 20 खाचांची चकती आणि ऑप्टिकल सेन्सर. 65 मिलिमीटरच्या चाकाचा परीघ सुमारे 204 मिलिमीटर, म्हणजे एका खाचेमागे येणाऱ्या पल्सला जवळपास 10 मिलिमीटर. उनोच्या 2 आणि 3 या इंटरप्ट (पल्स येताच दखल घेणाऱ्या) पिना त्यासाठी मोकळ्याच आहेत.

कोर्स जरूर घ्यावा. सेल, होल्डर आणि चकत्या तिघांनी वर्गणी काढून पहिल्याच आठवड्यात आणाव्यात, आणि लॅब असिस्टंटना दाखवूनच जोडाव्यात.