मानेत सुई टोचताना: ईएमजी की सोनोग्राफी?

मान एका बाजूला ओढली जाणाऱ्या डिस्टोनियात (स्नायू आपोआप आवळण्याच्या विकारात) बोट्युलिनम टॉक्सिन, म्हणजे स्नायू सैल करणारं औषध, देताना कशाचा आधार घ्यावा, ईएमजीचा (सुईने स्नायूतले विद्युत संकेत टिपणाऱ्या तपासणीचा) की सोनोग्राफीचा, असं एका रेसिडेंटने विचारलं. कंपन्यांची माहितीपत्रकं बाजूला ठेवू.

नेमकेपणा: औषध काम करतं ते चेतातंतू स्नायूला भेटतो तिथे. सिहलर रंजन या पद्धतीत स्नायू पारदर्शक होतो आणि आतल्या चेतांच्या फांद्या रंगून उठतात. कुठे त्या दाट आहेत याचे नकाशे त्यातून मिळतात. पण ते मृतदेहावरचे. जिवंत मानेवर ते उतरवायला सोनोग्राफी हवी, कारण तिच्यात मानेमागच्या स्नायूंचे थर दिसतात: ट्रॅपेझियस, खाली स्प्लेनियस, त्याखाली सेमिस्पायनॅलिस. ईएमजीला खोली कळत नाही. मात्र कोणता स्नायू विनाकारण ताणतोय, हे तोच सांगतो.

सुरक्षितता: इथे वादच नको. सोनोग्राफीत कॅरॉटिड धमनी समोर दिसते. स्टर्नोक्लाइडोमास्टॉइडमध्ये (कानामागून छातीपर्यंत जाणाऱ्या मानेच्या स्नायूत) मात्र दोन्हीपैकी काहीही वापरा, वरच्या भागातच आणि बेताने द्या. नाहीतर रुग्णाला गिळायला त्रास होऊ शकतो.

खर्च: ईएमजीची पोकळ सुई दरवेळी नवी, आणि इंजेक्शन साधारण तीन महिन्यांनी पुन्हा. सोनोग्राफीचं यंत्र महाग, वर पीसीपीएनडीटी (गर्भलिंग निदानबंदी) कायद्याखाली नोंदणी.

पहिल्यांदा आलेला, गुंतागुंतीचा किंवा औषध लागू न पडलेला रुग्ण असेल तर ईएमजी. स्नायू ठरलेले आहेत, पण खोलवर किंवा रक्तवाहिन्यांजवळ आहेत, तर सोनोग्राफी. दोन्ही हाताशी असतील तर अवघड मानेला दोन्ही लावा.