केस पिळायचं यंत्र: आठ महिने वापरल्यावर

आज सकाळी पावणेआठला यंत्र केसांत अडकून बंद पडलं. माझी बस आठची. अर्धा शेपटा पिळलेला, टोक आकड्यात घट्ट, आणि बटण दाबलं की आतून नुसती घरघर. शेवटी नवऱ्याने कात्रीने बोटभर बट कापली तेव्हा सुटका झाली. मी दोन वर्षं टोकं सोडून केसांना कात्री लावू दिलेली नाही, त्यामुळे दिवसभर जीव जळत होता. संध्याकाळी घरी आल्या आल्या लिहायला बसले.

यंत्र तुम्ही पाहिलेलं असेलच. दोन पेन्सिल सेल, पुढे दोन आकडे, दोन बटणं. दिवाळीत ६४९ रुपयांना घेतलं. माझे केस कमरेपर्यंत, जाड. लग्नापर्यंत आईच वेणी घालून द्यायची. आता उजवा खांदा दुखतो, हात फार वेळ डोक्यामागे राहत नाही, म्हणून यंत्राकडून आशा होती. पहिले दोन महिने ती पुरीही झाली, हे कबूल करते. पाच मिनिटांत केस आवरून होत.

पण एक गोष्ट मला पहिल्या दिवसापासून खटकते. खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'वेणी' छापलं आहे. यंत्राला आकडे दोन. वेणीला पेड लागतात तीन. दोन बटांची वेणी होत नाही, पीळ होतो. पहिलं बटण दोन्ही बटांना एकाच बाजूने पीळ देतं, दुसरं त्या दोघींना एकमेकींभोवती उलट्या बाजूने फिरवतं. दोन्ही पीळ उलट सुटू बघतात, म्हणून एकमेकांना धरून ठेवतात. सुंभ वळतात तो अगदी असाच. बटणांची गफलत होऊन दोन्ही वेळा एकाच बाजूने फिरवलं, तर आकड्यातून सोडताक्षणी सगळं मोकळं.

नीट पिळलेलं असलं तरी सगळा भार टोकाच्या रबरावर. तेल लावलेल्या केसांवरून रबर घसरलं की जेवणाच्या सुट्टीपर्यंत पीळ पाठीवर उलगडलेला. तिपेडीचं तसं नसतं. तिथे प्रत्येक पेड दुसऱ्या दोघांखाली दाबलेला असतो, रबर गेलं तरी खालची चार बोटं सुटतात, वरची वेणी जागेवर राहते. आठ महिने मी भेटेल त्याला हा फरक सांगते आहे. खोक्यावर 'पीळ' छापा, माझी तक्रार नाही.

आता दुरुस्तीचं. वॉरंटी एक वर्षाची, म्हणून दुपारी फोन केला. तिसऱ्या फोनला माणूस मिळाला. तो म्हणाला, "मॅडम, केस अडकून झालेला बिघाड वॉरंटीत बसत नाही." मी विचारलं, यंत्र केसांसाठीच विकता ना, मग त्यात दुसरं काय अडकणार? त्याच्याकडे उत्तर नव्हतं. दुरुस्तीचे २५० रुपये, कुरियरचा खर्च जाता-येता माझा, आणि पंधरा दिवस. ६४९च्या वस्तूला हे मी देणार नाही. पाचपैकी एक तारा. घेऊ नका.

तीन आठवड्यांनी पुढे लिहिते आहे. वरचं तसंच ठेवलं आहे, पण मत थोडं बदललं.

यंत्र बंद, त्यामुळे हाताने वेणी घालणं भाग पडलं. माझी वहिनी गोव्यातल्या काणकोणची. तिने फोनवर पहिलीच गोष्ट सांगितली, "आरशात बघू नको गो, डोळे मीट." मी दोन आरसे लावून बसले होते आणि डाव्याउजव्याचा नुसता गोंधळ चालला होता. डोळे मिटले आणि बोटांना पेड आपोआप कळायला लागले. मानेजवळ आल्यावर हनुवटी खाली घालायची नाही, किंचित वर ठेवायची. मान खाली घालून विणलं तर सरळ बसल्यावर तिथे केसांचा झोळ लोंबतो. मानेच्या खाली आलं की शेपटा खांद्यावरून पुढे घ्यायचा, म्हणजे खांद्याला त्रास नाही. पहिल्या दिवशी सागरवेणीला २५ मिनिटं लागली, मध्ये दोनदा हात खाली घेऊन थांबावं लागलं. आता दहा मिनिटांत होते. यंत्राच्या दुप्पट वेळ, पण रात्री झोपेपर्यंत हलत नाही.

वहिनीनेच शिगम्यातल्या, म्हणजे त्यांच्याकडच्या होळीच्या सणातल्या, गोफ नाचाची आठवण काढली. वरून सोडलेल्या रंगीत दोऱ्या हातात धरून नाचत नाचत गोफ विणतात, आणि मग तीच पावलं उलटी टाकून तो सोडवतात. विणलेलं असं क्रमानेच सुटतं. पिळलेलं हात काढला की सुटतं. माझ्या आठ महिन्यांच्या तक्रारीला तिने एका वाक्यात आधार दिला.

आणखी एक चूक माझीच निघाली. पावसाळ्यात केस नीट वाळत नाहीत आणि मी ओलसर केसच यंत्रात घालत होते. ओला केस जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो. तुटलेले तुकडे आकड्याच्या बुडाशी गुंडाळत गेले असणार. रविवारी चार स्क्रू काढून यंत्र उघडलं तेव्हा नेमकं तेच दिसलं, केसांची घट्ट वळी. चिमट्याने ओढून काढली, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब टाकला, आणि यंत्र फिरायला लागलं! २५० रुपये आणि पंधरा दिवस याच कामासाठी मागत होते.

आता ते मी केसांना लावत नाही. माझ्या आजीकडे आगवळ असायचा, वेणीत गुंफून टोकाशी बांधायचा काळा दोर, खाली गोंडा. बाजारात मला तसा मिळाला नाही. काळ्या लोकरीच्या दोन पदरी लडी आकड्यांत अडकवल्या, एक बटण, मग दुसरं, आणि मिनिटभरात इतका सुबक, एकसारखा दोर वळून निघाला की मी तो हातात घेऊन बघतच बसले. टोकाला गाठ मारली, गोंडा केला. लोकर केसांवरून घसरत नाही, रबरासारखी केस तोडतही नाही. आतापर्यंत सहा झाले, दोन आईला पाठवले, एक वहिनीला.

म्हणून यंत्राला पाचपैकी साडेतीन. घेणार असाल तर दुकानात उलटं करून बघा, झाकणाला स्क्रू असले तरच घ्या, चिकटवलेलं असेल तर ठेवून या. दुरुस्ती सेवेला शून्य. त्यांच्या नोंदीत माझी तक्रार 'निकाली' दाखवत होती. काल ती मी परत उघडली आहे.